चार हजार ओळींचं ठिगळ

मयुरा भोयरचा एक सिद्धान्त होता. घरात बदल करायचा तर एकदम करावा. एक डबा हलवला तर एक भांडण होतं, आणि चाळीस डबे हलवले तरी भांडण एकच होतं. मग एकेक कशाला हलवायचा?

हा सिद्धान्त तिने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात तपासूनही पाहिला होता. सासऱ्यांच्या, बाबारावांच्या डोळ्यांचा इलाज करायचा म्हणून सासू-सासरे भिवापूरहून नागपूरला आले आणि बेसा रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहू लागले. दोन-चार महिन्यांत सासूबाईंनी, गोपिकाबाईंनी, सुनेचं स्वयंपाकघर भिवापूरसारखं लावून टाकलं. तिखटाची बरणी वर, जिऱ्याचा डबा खाली, पाण्याचा माठ दाराशी. मयुरा संधीची वाट पाहत राहिली. एके दिवशी तिचा नवरा मोहित आईबाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेला, तेव्हा तिने ओट्याखालचं, फळीवरचं, फ्रिजवरचं सगळं खाली उतरवलं आणि ते तिघं परत येईपर्यंत आपल्या मनासारखं लावून ठेवलं. गोपिकाबाई दारात थबकल्या, "बाप्पा!" एवढंच म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या. भांडण झालंच नाही. मयुराला वाटलं, आपल्या हिशेबाहूनही हे सोपं गेलं.

बाबारावांचे डोळे मात्र वाचले नाहीत. काचबिंदूने आधी एक नेला, मग दुसरा. उजेड-अंधार तेवढा कळायचा. ज्या माणसाने जन्मभर पेपर पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचला, त्याला आता फोन वाचून दाखवत होता. फोनमध्ये मयुराने एक ॲप टाकून दिलं होतं. बोट ठेवलं की ते अक्षरं वाचायचं: पेपर, मेसेज, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो, काहीही. मराठी मात्र ते असं वाचायचं, की जणू मागे कुत्रं लागलंय. कुठे थांबणं नाही, दम घेणं नाही. बातमीच्या मधातच कूलरची जाहिरात घुसायची. वाचता वाचता एखादा मेसेज आला की गाडी पुन्हा पहिल्या ओळीवर.

"मले वापस जायचं हाय," बाबाराव दर रविवारी पोहे खाऊन झाल्यावर म्हणायचे. भिवापुरात घर होतं, मिरचीचं वावर पुतण्या करत होता, ओट्यावर बसणारे चार लोक होते. इथे दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचा आवाज होता.

"बाबा, तिथं कोण वाचून देईन तुम्हाले?" मोहित म्हणायचा. तो विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायच्या एका कंपनीत होता आणि घरातही तसाच बोलायचा, आधी सगळं तपासून मग उड्डाण. "दवाखान्याचा मेसेज आला, औषध बदललं, तर? आईले तर चष्मा लावूनही धड वाचता येत नाही."

"तुयी माय कधी वाचत होती गा? तरी जिवंतच होतो न आम्ही."

"तेव्हा तुम्ही वाचत होते."

यावर बाबाराव पोह्यांची बशी बाजूला सरकवायचे. शेवटी एका रविवारी मोहितने अट घातली. "फोन तुम्हाले तुमचा तुम्ही वाचता आला पाहिजे. मयुराची मदत न घेता. ज्या दिवशी ते झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः सोडून येतो."

अट कुणावर घातली आहे हे घरात सगळ्यांना कळलं. काजल, मोहित-मयुराची नववीतली मुलगी, आईकडे पाहून हसली. मयुरा लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मिहानमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. बाबारावांच्या ऑपरेशनांच्या धावपळीत तिने नोकरी सोडली, आणि मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ती राहूनच गेली.

ते वाचणारं ॲप कुणा कंपनीचं नव्हतं. जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात ते लिहायचे. त्याचा कोड कुणालाही वाचता यायचा, कुणालाही दुरुस्ती करून पाठवता यायची. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. तो घ्यायचा की नाही हे ठरवणारी दोन-चार माणसं असतात, तीही बिनपगारी. मयुराच्या वाट्याला आली ती जर्मनीतली एल्के नावाची बाई.

पण एल्केपर्यंत जायला मयुराला आठ महिने लागले. दुपारी जेवणं आटोपली, गोपिकाबाई आडव्या झाल्या, की ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. समोर बाबाराव बसायचे, हातात फोन. ती एखादी दुरुस्ती करून त्यांच्या फोनमध्ये घालायची, ॲप पेपर वाचायचं आणि बाबाराव मान वाकडी करून ऐकायचे.

"इथं थांबाले पाहिजे होतं त्यानं."

"किती?"

"माणूस घोट घेते तेवढं."

मयुरा तेवढं थांबवायची. ते पुन्हा ऐकायचे. चार वाजता ती चहा ठेवायची. असं करत करत ॲप श्वास घ्यायला शिकलं, जाहिरात ओलांडून जायला शिकलं, सोडलेली ओळ लक्षात ठेवायला शिकलं. बाबारावांच्या फोनमध्ये सगळं झकास चालायचं. पण दर दीड-दोन महिन्यांनी ॲपची नवी आवृत्ती यायची आणि मयुराने घातलेलं सगळं पुसून जायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. हे थांबायचं तर तिचं काम मूळ ॲपमध्येच जायला हवं होतं. म्हणजे मग भिवापुरात बसूनही बाबारावांना ते आपोआप मिळालं असतं.

तिने आठ महिन्यांचं सगळं काम एकत्र बांधलं आणि एका सोमवारी पाठवून दिलं. एकच पॅच, चार हजारांहून जास्त ओळींचा. एकच भांडण.

एल्केचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सभ्य होतं. काम चांगलं असावं असं वाटतं, पण मला ते वाचता येत नाही, असं तिने लिहिलं होतं. यात निदान वीस वेगळ्या गोष्टी एकदम बदलल्या आहेत. कशामुळे काय होतं हे मला कळत नाही. कृपया तुकडे करा, आणि एका तुकड्यात एकच गोष्ट ठेवा.

"काय म्हणते थे बाई?" बाबारावांनी विचारलं.

"मोठं झालं म्हणते. तुकडे करा म्हणते."

"काय मोठं झालं?" गोपिकाबाई जमिनीवर बसून सांभाराची हिरवी जुडी निवडत होत्या.

"पॅच, आई. म्हणजे आता काय सांगू... ठिगळ समजा."

"मंग लुगड्याहून मोठं असन थे ठिगळ," गोपिकाबाई म्हणाल्या. बाबाराव खो खो हसले. मयुराला हसू आलं नाही.

तिने तुकडे केले. म्हणजे, सगळं काम मधोमध तोडून दोन पॅच पाठवले. एल्केने लिहिलं, दुसऱ्याशिवाय पहिला चालत नाही, तेव्हा हे तुकडे नाहीत, हे एकाच गोष्टीचे दोन अर्धे आहेत. आणि तिने दोन्ही बंद करून टाकले.

त्या संध्याकाळी मयुराने कणीक इतकी आपटली की काजल खोलीतून बाहेर आली.

"मम्मा, क्या हुआ?"

"काही नाही. फुकटात काम करून राहिली मी जगासाठी, अन् वरून नखरे त्यांचे."

मोहित बूट काढत होता. "तू मिहानमध्ये होती तेव्हा तुझ्या टीममधले पोट्टे एवढा मोठा पॅच घेऊन आले असते तर काय केलं असतं?"

"परत पाठवला असता."

"मग?"

"ते पोट्टे होते," मयुरा म्हणाली आणि लाटणं उचललं.

पुढच्या आठवड्यात नवी आवृत्ती आली. बाबारावांचा फोन पुन्हा कुत्रं लागल्यासारखा वाचायला लागला. त्यांनी तक्रार केली नाही. दुपारी टेबलाशी येऊन बसले आणि फोन पुढे सरकवून ठेवला, दाढी करायला गाल पुढे करावा तसा. मयुराने पुन्हा सगळं घालून दिलं. रविवारी पोहे खाऊन झाल्यावर ते 'वापस जायचं' असंही म्हणाले नाहीत. न म्हटलेलंच मयुराला जास्त ऐकू आलं.

दोन दिवसांनी सकाळी ती वरणाला फोडणी देत होती. तेल तापलं होतं आणि दोन्ही हात गुंतले होते. "आई, जिरं द्या ना जरा."

गोपिकाबाईंनी एक डबा उघडला. त्यात धने होते. दुसऱ्यात फल्लीदाण्यांचा कूट. तिसऱ्यात साबुदाणा. तेलातून धूर यायला लागला.

"अहो आई, उजवीकडे! दुसरा डबा! तीन वर्षं झाली आता, अजून..."

"तीन वर्षं झाले, हो," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नाही. "तीन वर्षांपासून मी रोज तीन डबे उघडून राहिली. तू झोपून राहते तवा सकाळी येऊन पाहते, काय कुठं हाय. ध्यानातच राहत नाही."

मयुराने गॅस बंद केला.

"एक एक हलवला असता न वं, तं समजलं असतं मले. आज जिरं इकडं गेलं, उद्या धने तिकडं गेले. हाताले सवय लागली असती. तू एका दुपारी सगळंच उचललं. दवाखान्यातून आली तं घरच परकं. कुठून सुरुवात करू?"

"मग भांडायचं ना, आई. मला वाटलं तुम्हाला चाललं."

"कशावर भांडू? चाळीस डब्यायवर? एका डब्यावर भांडता येते माणसाले." त्या ओट्याला टेकल्या. "अन् माठ? माठ तू खिडकीपाशी नेला. त्यायचा हात अजून दारापाशीच जाते. तू पाहत नाही. मी पाहते."

मयुरा खरंच पाहत नव्हती. त्या दिवशी तिने पाहिलं. जेवण झाल्यावर बाबाराव उठले, भिंतीला धरून स्वयंपाकघरात आले आणि त्यांचा उजवा हात दाराच्या बाजूला रिकाम्या जागेत गेला. क्षणभर तिथे राहिला. मग, आपल्यालाच हसू आल्यासारखे, ते खिडकीकडे वळले. तीन वर्षं हा हात रोज असा जात असणार, आणि एकदाही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी तिने लॅपटॉप उघडला आणि चार हजार ओळींमधून सगळ्यात छोटी गोष्ट शोधायला बसली. मेसेज आला तरी वाचन जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू व्हावं, एवढी एकच. ती वेगळी काढली तेव्हा अकरा ओळी निघाल्या. पाठवायची लाज वाटली. तिच्या माहेरी, कामठीला, शेजारी भाजी पाठवायची तर वाटी काठोकाठ भरायची पद्धत होती, अर्धी वाटी पाठवण्यापेक्षा न पाठवलेली बरी. अकरा ओळी म्हणजे वाटीच्या तळाला चमचाभर रस्सा. तरी तिने पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. घेतला. छान आहे. आणि खाली एक ओळ: मी हे काम ऑफिसला जाताना बसमध्ये करते. उतरायच्या आधी वाचून झालं, असं पहिल्यांदाच झालं.

मयुराने ती ओळ बाबारावांना मराठीत सांगितली.

"म्हणजे थे बाई बी नोकरीवाली हाय," बाबाराव म्हणाले.

"हो."

"अन् तू तिच्या मांडीवर गठुडं टाकून दिलं होतं. बसमध्ये."

मग तुकडे जात राहिले. आठवड्याला एक, कधी दोन. एकावर एल्के म्हणाली, वाचनाचा वेग एवढा कमी नको. मयुराने लिहिलं, माझे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत आणि मी हा वेग त्यांच्या समोर बसून ठरवला आहे. एल्केने कारणं मागितली, मयुराने दिली, चार दिवस वाद चालला आणि एल्केने माघार घेतली. एका डब्यावर भांडता येतं, हे गोपिकाबाईंचं खरं होतं. दुसऱ्या एका वादात मयुराने माघार घेतली. तिसरा तुकडा दोघींनी मिळून टाकूनच दिला, कारण त्याची गरज नव्हती.

आणि एक तुकडा असा निघाला, की मयुराच्या हातातला चहा निवला. बाबांना सोयीचं म्हणून तिने असं केलं होतं, की परिच्छेद संपला की ॲप थांबेल आणि बोटाची टिचकी मिळाल्यावरच पुढे जाईल. एल्केने विचारलं, ही ओळ सगळ्या भाषांच्या सामाईक भागात का आहे? मयुराने पाहिलं. खरंच होती. मोठ्या पॅचमध्ये ती कुठेतरी मधात दबून गेली होती, तिची तिलाच दिसली नव्हती. तो पॅच तसाच घेतला गेला असता तर दूर कुठल्या तरी गावात कुणी ऐकत बसलं असतं, पहिल्या परिच्छेदानंतर फोन गप्प झाला असता आणि त्या माणसाला वाटलं असतं, बातमी एवढीच होती. तो कुणाला विचारणार होता? बाबारावांसारखाच असता तर त्याने सांगितलंही नसतं.

तिने एल्केला लिहिलं, चूक माझी आहे, बरं झालं तुम्ही पाहिलं. एल्केचं उत्तर आलं, म्हणूनच तर छोटे मागते.

दिवाळीच्या आधी शेवटचा तुकडा उरला. श्वास घेण्याचा, सगळ्यात कष्टाचा. मयुराने तो तयार केला, तपासला आणि ठेवून दिला. मग चिवडा आला, शंकरपाळे आले, काजलची परीक्षा आली, पडदे धुवायचे आले. दुपारी टेबलाशी बाबाराव यायचे, ती एखादी बातमी लावून द्यायची. चार वाजता चहा व्हायचा.

"झालं का वं?" एकदा त्यांनी विचारलं.

"थोडं राहिलं आहे, बाबा."

काजल शेजारी वहीवर घर्षणबलाचं काहीतरी काढत होती. "अरे, वो तो हो गया ना, मम्मा? मागच्या आठवड्यातच तू म्हणाली, सगळ्या टेस्ट पास झाल्या."

मयुराने तिच्याकडे पाहिलं. काजल पुन्हा वहीत घुसली. गोपिकाबाई पलंगावर आडव्या होत्या. डोळे मिटलेले होते, पण झोप लागलेली नव्हती.

"राहू दे," बाबाराव म्हणाले. "घाई नाही काही."

तीन वर्षं दर रविवारी घाई असलेला माणूस हे म्हणाला. फोनवर त्यांचं बोट नुसतंच फिरत होतं, कशावर थांबत नव्हतं. या टेबलाची, या दुपारची तिच्याइतकीच त्यांनाही सवय झाली होती. तिला वाईट वाटू नये म्हणून ते अजून वर्षभरही घाई नाही म्हणाले असते, आणि हात रोज दारापाशी गेला असता.

"चहा ठेवते," मयुरा म्हणाली. पण उठायच्या आधी तिने लॅपटॉप जवळ ओढला आणि तो तुकडा पाठवून दिला.

एल्केने तीन प्रश्न विचारले. मयुराने उत्तरं दिली. दिवाळी झाली, आणि एका सकाळी बाबारावांच्या फोनवर नवी आवृत्ती आपोआप उतरली. मयुराने हात लावला नाही. बाबाराव बाल्कनीत खुर्चीवर बसले, फोनमध्ये पेपर उघडला, बोट ठेवलं. आवाज सुरू झाला, एक ओळ वाचली, माणूस घोट घेतो तेवढा थांबला, आणि पुढे गेला. मोहित ड्यूटीवर जायला निघाला होता. तो हेल्मेट हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"मग उद्या?" तो म्हणाला.

"विचारून काय राहिला? अट होती दुसऱ्या दिवसाची, उद्याच दुसरा दिवस हाय," गोपिकाबाई आतून म्हणाल्या. त्यांची एक पिशवी दसऱ्यापासून भरलेली होती, हे तेव्हा कळलं.

मोहितने सुट्टी टाकली. गाडी उमरेड रोडने गेली. निघताना बाबाराव मयुराला काहीतरी म्हणायला थांबले, पण खालून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं आणि ते एवढंच म्हणाले, "पोरीच्या अभ्यासाकडं पाह्य." मयुरा वाकून पाया पडली. गोपिकाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग त्याच हाताने तिच्या खांद्यावरचं पीठ झटकलं.

त्यानंतरच्या दुपारी लांब झाल्या. तिने मिहानमधल्या दोन कंपन्यांत अर्ज टाकले. माठ पुन्हा दाराशी ठेवावा असं एकदा मनात आलं, पण आता त्याला काही अर्थ नव्हता. बाबारावांचा फोन येईल, ॲपबद्दल काही विचारतील, असं तिला रोज वाटायचं. ते फोन करायचे मोहितला. वावराचं, पुतण्याचं, तोडणीला बाया मिळत नाहीत त्याचं बोलायचे. ॲपचं नाव नाही. मध्ये एकदा आणखी एक नवी आवृत्ती आली. त्या दिवशी ती फोन हाताशी ठेवूनच वावरली. तो वाजला नाही.

शेवटी तिनेच लावला. गोपिकाबाईंनी उचलला.

"आई, कसं चाललं? बाबा कुठे आहेत?"

"हे काय, ओट्यावर. चार जण गोळा केले, अन् पेपर ऐकून राहिले. कोणाले बोलू देत नाहीत. देऊ का?" आणि मग आवाज लांब गेला, "अहो, मयुरा हाय! मयुराचा फोन हाय!"

दुरून बाबारावांचा आवाज आला, थोडा वैतागलेला, "तिले म्हणा थांब जरा. हे एवढं होऊ द्या, मंग बोलतो."

"ऐकलं का वं? आता याले काय म्हणाव? ठेवू का?"

"नका ठेवू, आई," मयुरा म्हणाली. "असू द्या चालू."

"मले दूध पाहाचं हाय."

"तुम्ही जा. फोन तिथेच ठेवा."

फोन कुठल्या तरी फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग ओट्यावरून तो ओळखीचा, सपाट आवाज यायला लागला. कुठल्या तरी गावात रस्त्याचं काम सुरू झालं होतं आणि कुठल्या तरी गावात अडलं होतं. आवाज दोन्ही गावांच्या मधे थांबला. कुणीतरी खोकललं. बाबारावांनी "श्शू" केलं. बातमी पुढे गेली.

इकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली. मयुराने कानाला लावलेला फोन खांद्याने धरला, एका हाताने गॅस बारीक केला आणि खिडकीशी जाऊन, बातमी संपायची वाट पाहत उभी राहिली.